वाचकांचे प्रश्न : रेडिओवरून निधीचे आवाहन करताना

अमेरिकेतल्या सामुदायिक रेडिओ केंद्रांच्या निधिसंकलन मोहिमा बहुतेक ठिकाणी वसंतात आणि शरदात होतात. त्या दिवसांत नेहमीच्या निवेदकांच्या शेजारी माइकसमोर बसण्यासाठी ही केंद्रे आपल्या श्रोत्यांमधूनच स्वयंसेवक बोलावतात. असे बोलावणे आलेल्या मराठी वाचकांची पत्रे गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे आली. त्यांतली निवडक पत्रे उत्तरांसह येथे देत आहोत. शेवटचे पत्र सातारा जिल्ह्यातले असून त्याचा विषय हाच, पण नियम सर्वस्वी वेगळे आहेत.

प्रश्न : आमच्या भागातल्या एका कम्युनिटी रेडिओवर दर आठवड्याला भारतीय संगीताचा कार्यक्रम लागतो आणि मी तो अनेक वर्षे ऐकत आले आहे. यंदाच्या मोहिमेत दोन तास स्टुडिओत बसून श्रोत्यांना देणगीचे आवाहन कराल का, असे कार्यक्रमाच्या निवेदकांनी विचारले आणि मी होकार दिला. आता मात्र धीर होत नाही. कुणापुढे हात पसरायचा नाही, हेच आमच्या घरी शिकवले गेले. अनोळखी माणसांकडे, तेही रेडिओवरून, पैसे कसे मागायचे? आणि दोन तास बोलायचे तरी काय? मध्ये थोडे मराठीत बोलले तर चालेल का?
– एक वाचिका, सनीव्हेल, कॅलिफोर्निया

उत्तर : पहिल्यांदा बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा संकोच वाटतो, मग तो मराठी असो वा नसो. हात पसरणारा माणूस स्वतःच्या गरजेसाठी मागतो. जो कार्यक्रम आपण आणि इतर श्रोते इतकी वर्षे विनामूल्य ऐकत आला आहात, तो चालवायला किती खर्च येतो आणि तो कोण उचलते, एवढे आपल्याला त्याच श्रोत्यांना सांगायचे आहे. मागणाऱ्यांत आपण आहात तशाच देणाऱ्यांतही आहात. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की स्टुडिओत जाण्यापूर्वी आपली स्वतःची देणगी, ती कितीही लहान असो, भरून टाकावी. ‘मीसुद्धा दिले आहेत’ हे ज्याला खरेपणाने म्हणता येते, त्याचा आवाज मागताना अडखळत नाही.

श्रोत्यांच्या पैशांवर केंद्र चालवण्याची ही पद्धत आपल्या घरापासून फार दूर नसलेल्या बर्कली शहरात रुजली, हेही आपल्याला ठाऊक असावे. दुसऱ्या महायुद्धात सदसद्विवेकाच्या आधारावर शस्त्र हाती घेण्यास नकार देणाऱ्यांपैकी लुईस हिल यांनी सहकाऱ्यांसह पॅसिफिका फाउंडेशन ही संस्था १९४६ साली स्थापन केली आणि १५ एप्रिल १९४९ रोजी तिचे केपीएफए हे केंद्र सुरू झाले. जाहिरातदाराकडून पैसे घेतले तर तो काय बोलायचे ते ठरवतो, सरकारकडून घेतले तर सरकार ठरवते. मग ऐकणाऱ्यांनीच वर्षाला दहा डॉलर वर्गणी का भरू नये, असा हिल यांचा साधा विचार होता. परिसरातल्या एफएम श्रोत्यांपैकी शंभरातल्या दोघांनी वर्गणी भरली तरी केंद्र तगेल, असा त्यांचा हिशेब होता. त्या काळी एफएमचे संच फार थोड्या घरांत होते, त्यामुळे सुरुवातीला हा हिशेब जमला नाही. ऑगस्ट १९५० मध्ये पैसे संपून केंद्र बंद पडले. श्रोत्यांनी सभा घेतल्या, निधी जमवला, फोर्ड फाउंडेशनने स्थापन केलेल्या प्रौढशिक्षण निधीतून अनुदान मिळाले आणि १९५१ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. केपीएफए आजही चालू आहे. आज अमेरिकेतली शेकडो केंद्रे ज्या रीतीने श्रोत्यांकडे मागतात, त्या रीतीचा पाया या घटनेत आहे.

मराठी माणसाला तर ही कल्पना परकी वाटण्याचे कारणच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची चळवळ चालवली, लोकमान्य टिळकांनी तिच्या पाठीशी आपले बळ उभे केले आणि सामान्य माणसांकडून एकेक पैसा गोळा करून जमलेल्या निधीतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. तो पैसा गोळा करणाऱ्या स्वयंसेवकांना कुणी याचक म्हटले नाही. आपण सनीव्हेलच्या परिसरात जे करणार आहात, ते त्याच जातीचे काम आहे.

आता बोलायचे काय, याविषयी. दोन तास सलग बोलावे लागत नाही. संगीताच्या कार्यक्रमात साधारणपणे दोन-तीन रचना वाजतात, मग काही मिनिटे आवाहन होते आणि पुन्हा संगीत सुरू होते. या आवाहनाला केंद्रातले लोक ‘पिच’ म्हणतात. आपण बसाल तेव्हा शेजारी अनुभवी निवेदक असेल आणि यंत्रे तोच हाताळेल. आपले काम एका श्रोतीचे अनुभव सांगणे आणि ते नेमके सांगणे हे आहे. ‘हा कार्यक्रम फार छान आहे, सर्वांनी मदत करा’ या वाक्याने कुणाचाही हात फोनकडे जात नाही. त्याऐवजी, पहाटे कामावर जाताना गाडीत अचानक भीमसेन जोशींची तोडी लागली आणि कार्यालयाच्या वाहनतळावर गाडी थांबवून ती संपेपर्यंत आपण बसून राहिलात, असे काही घडले असेल तर ते सांगावे. घडले नसेल तर रचू नये. कृत्रिमपणा रेडिओवर चटकन ऐकू येतो. आपण या देशात नवीन असताना हा कार्यक्रम कसा सापडला, मुलांनी तबला पहिल्यांदा कुठे ऐकला, घरी आलेल्या आई-वडिलांना परक्या गावात दर आठवड्याला कशाची वाट पाहता आली, अशा गोष्टी श्रोत्याला पटतात, कारण त्याच्याजवळही तशाच गोष्टी असतात.

आठवणीला जोडून आकडा आला पाहिजे. मोहिमेच्या आधी केंद्राच्या व्यवस्थापकांकडून काही माहिती मागून घ्यावी: प्रक्षेपकाच्या विजेला, जागेच्या भाड्याला, संगीताच्या परवाना शुल्काला साधारण किती खर्च येतो, या कार्यक्रमाच्या तासासाठी किती रक्कम जमवायची आहे, आणि कोणी मॅचिंग देणगी जाहीर केली आहे का, म्हणजे श्रोत्यांनी जितके दिले तितकेच आपणही देऊ असे कोणी कबूल केले आहे का. एका वेळी एकच रक्कम मागावी. पंचवीस, पन्नास, शंभर, अडीचशे असे आकडे एका दमात सांगितले की ऐकणारा गोंधळतो आणि काहीच करत नाही. माझ्या मते सर्वांत उपयोगी आवाहन दरमहा लहान रकमेचे असते, कारण महिन्याला दहा डॉलर देणाऱ्याला ते जाणवत नाहीत, आणि केंद्राला मात्र पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक त्या भरवशावर मांडता येते. फोन क्रमांक आणि संकेतस्थळ सावकाश, दोनदा सांगावे. त्यानंतर थांबावे. आपण बोलत राहिलात तर श्रोताही ऐकत राहतो. संगीत सुरू झाले की तो फोन उचलतो.

या वर्षी एक प्रश्न श्रोते नक्की विचारतील: रेडिओला सरकार पैसे देत नाही का? १९६७ च्या सार्वजनिक प्रसारण कायद्यानुसार स्थापन झालेल्या कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग या संस्थेमार्फत अनेक केंद्रांना संघीय अनुदान मिळत असे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने पुढच्या दोन वर्षांसाठी आधीच मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले आणि ऑगस्टमध्ये त्या संस्थेने आपले काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले. काही सामुदायिक केंद्रे हे अनुदान घेतच नव्हती, काहींचा मोठा आधार त्यावर होता. आपले केंद्र कोणत्या गटातले आहे, हे आधी विचारून घ्यावे आणि तेवढेच सांगावे. केंद्र खरोखर बंद पडण्याच्या स्थितीत नसताना ‘आज पैसे आले नाहीत तर हा आवाज उद्या ऐकू येणार नाही’ असे म्हणणे मला सर्वथा अयोग्य वाटते. ती भीती एकदा चालते, पुढच्या मोहिमेत तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. न देणाऱ्यांना खजील करणेही टाळावे. ऐकणाऱ्यांत नोकरी गेलेला कुणी असतो, विद्यार्थी असतो, निवृत्त माणूस असतो. ज्यांना शक्य नाही त्यांनी ऐकत राहावे, हा रेडिओ त्यांचाही आहे, असे स्पष्ट सांगावे, आणि ते मनापासून सांगावे.

काही बारीक गोष्टी आहेत. काचेच्या बांगड्या घरी ठेवून जावे, कारण मेजावर हात टेकताच त्यांचा आवाज माइकमध्ये जातो. कागद उलटताना तो मेजावरून सरकवू नये, उचलून बाजूला ठेवावा. लाल दिवा चालू असेपर्यंत आपला प्रत्येक शब्द ऐकला जातो असे धरून चालावे. देणगीदाराने परवानगी दिली असेल तरच त्याचे नाव घ्यावे, आणि तेही बहुधा पहिले नाव आणि गाव एवढेच. कार्डाचा तपशील असलेला कागद तर स्टुडिओत येताच कामा नये. फोनवरचे बोलणे थेट प्रसारित करायचे असेल तर तसे त्या व्यक्तीला आधी सांगणे संघीय दळणवळण आयोगाच्या, म्हणजे एफसीसीच्या, नियमाने बंधनकारक आहे. दर तासाच्या आरंभाच्या सुमारास केंद्राचे अधिकृत नाव आणि त्याचे परवानाप्राप्त गाव सांगावे लागते. निवेदक घड्याळाकडे पाहू लागला की आपले वाक्य आटोपते घ्यावे.

मराठीत अवश्य बोलावे. भाषेवर कायद्याचे कोणतेही बंधन नाही. मात्र प्रसारित होणाऱ्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी परवानाधारकावर असते, म्हणून आपण काय बोलणार आहात याचा सारांश निवेदकाला आधी इंग्रजीत देऊन ठेवावा. मराठीत आवाहन करून झाल्यावर क्रमांक इंग्रजीतही सांगावा. इतक्या परक्या आवाजांच्या मध्ये आपली भाषा अचानक कानी पडली की घरातली वडीलधारी माणसे रेडिओजवळ येतात, आणि पुष्कळदा मुलाला किंवा सुनेला फोन लावायला तीच सांगतात.

प्रश्न : मी एच-फोर या अवलंबित जोडीदाराच्या व्हिसावर आहे आणि मला नोकरीची परवानगी नाही. पुण्यात मी काही वर्षे निवेदन केले होते. येथल्या केंद्राच्या मोहिमेत मी बोलले तर ते काम करणे ठरेल का? त्यासाठी काही परवाना लागतो का?
– एक वाचिका, ऑस्टिन, टेक्सस

उत्तर : नुसते बोलण्यासाठी कोणताही वैयक्तिक परवाना लागत नाही, परवाना केंद्राचा असतो. व्हिसाच्या बाबतीत खरी सेवा आणि बिनपगारी नोकरी यांतला फरक सांभाळावा लागतो. संस्था ना-नफा असावी, जे काम आपण करणार ते तेथे नेहमी स्वयंसेवकच करत असावेत, त्यासाठी एरवी पगारी माणूस नेमला जात नसावा, आणि आपल्याला मोबदला किंवा पुढे नोकरी देण्याचे आश्वासन नसावे. मोहिमेत काही तास माइकसमोर बसणे किंवा फोन घेणे या कसोट्यांवर सहज उतरते. याउलट, केंद्राने आपला अनुभव पाहून दर आठवड्याला कार्यक्रमांचे संपादन करायला सांगितले आणि तेच काम शेजारच्या मेजावर कुणी पगारावर करत असेल, तर थांबावे. मानधन, पेट्रोलसाठी म्हणून दिलेली ठोक रक्कम, भेटपत्रे, यांपैकी काहीही स्वीकारू नये.

केंद्राकडून स्वयंसेवक म्हणून एक पत्र घ्यावे, त्यात कामाचे स्वरूप आणि ते विनामोबदला असल्याचा उल्लेख असावा. आपल्या प्रकरणात ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल किंवा आणखी काही गुंतागुंत असेल तर स्थलांतरविषयक वकिलाचा सल्ला आधी घ्यावा. २०१५ पासून एच-फोर धारकांपैकी काहींना, जोडीदाराची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोहोचली असल्यास, नोकरीचा परवाना मिळू शकतो. आपण त्यात बसत असाल तर हा प्रश्नच उरणार नाही.

पुण्यातला आपला अनुभव केंद्राला जरूर सांगावा. व्हिसाच्या नियमांमुळे घरी बसलेल्या किती तरी मराठी स्त्रियांजवळ आवाजाचे, लेखनाचे, हिशेबाचे कसब पडून आहे, आणि या छोट्या केंद्रांना नेमके तेच हवे असते.

प्रश्न : मोहिमेत बसलो असताना एका श्रोत्याने फोनवरून विचारले, की १२० डॉलर दिले आणि भेट म्हणून टी-शर्ट घेतला तर सगळी रक्कम करातून वजा होईल का. मला सांगता आले नाही. शिवाय, मी दिलेल्या वेळेची करसवलत मला मिळते का?
– एक वाचक, जर्सी सिटी, न्यू जर्सी

उत्तर : सगळी रक्कम होत नाही. देणगीतून भेटवस्तूचे बाजारमूल्य वजा करून उरलेली रक्कम सवलतीस पात्र ठरते. टी-शर्टचे मूल्य २० डॉलर धरले असेल तर १०० डॉलर. देणगी ७५ डॉलरपेक्षा अधिक असून तिच्या बदल्यात वस्तू दिली असेल, तर त्या वस्तूचे मूल्य देणगीदाराला लेखी कळवणे केंद्रावर बंधनकारक आहे. २५० डॉलर किंवा त्याहून अधिक देणगीसाठी लेखी पोच असल्याशिवाय सवलत मागता येत नाही. साध्या स्टिकरसारख्या नाममात्र वस्तूंना नियमात सूट आहे. २०२५ पर्यंत ही सवलत बहुतेक वर्षे मानक वजावट, म्हणजे सर्वांना सरसकट मिळणारी ठरावीक वजावट, न घेता खर्चाची यादी देणाऱ्यांनाच उपयोगी पडत असे. २०२६ या करवर्षापासून मात्र मानक वजावट घेणाऱ्यांनाही रोख देणग्यांसाठी एकट्याला १,००० आणि जोडप्याला एकत्रित विवरणपत्रात २,००० डॉलरपर्यंत वजावट मिळते.

हे सगळे माइकवर सांगत बसू नये. ‘देणगी कायद्यानुसार करसवलतीस पात्र आहे, भेट घेतल्यास तिचे मूल्य वजा होईल आणि तो आकडा पावतीवर लिहिलेला असेल’ एवढे पुरेसे आहे.

वेळेची सवलत मिळत नाही. स्टुडिओपर्यंत स्वतःच्या गाडीने केलेल्या प्रवासासाठी मात्र मैलाला १४ सेंट हा वजावटीचा दर कायद्यानेच ठरवलेला आहे.

भेटवस्तूंविषयी माझे एक मत सांगतो. टी-शर्ट, पिशव्या आणि मग यांचेच वर्णन अर्धा तास चालले की श्रोत्याला आपण दुकानात आल्यासारखे वाटते, आणि त्या वस्तू छापून टपालाने पाठवण्यात देणगीचा बराच भाग खर्च होतो. भेट नको असल्यास तसे सांगण्याची सोय प्रत्येक वेळी आठवणीने जाहीर करावी. पुष्कळ जण आनंदाने भेट नाकारतात.

प्रश्न : माझ्याकडे मोहिमेतला एक तास आहे. त्यात महाराष्ट्रातल्या पूरग्रस्तांसाठी आमच्या मंडळामार्फत मदतीचे आवाहन करावे, असे मंडळाच्या काही सदस्यांचे म्हणणे आहे. तसेच माझ्या मित्राचे उपाहारगृह आहे आणि तो मॅचिंग देणगी द्यायला तयार आहे, फक्त त्याच्या मिसळीचे थोडे कौतुक व्हावे अशी त्याची इच्छा आहे. यात काही अडचण आहे का?
– एक वाचक, ह्यूस्टन, टेक्सस

उत्तर : दोन्हींत आहे, आणि विचारून घेतलेत हे उत्तम झाले, कारण दंडाची वेळ आलीच तर ती केंद्रावर येते.

अव्यावसायिक शैक्षणिक परवान्यावर चालणाऱ्या केंद्राला नेहमीचे कार्यक्रम थांबवून दुसऱ्या संस्थेसाठी निधी गोळा करण्याची पूर्वी मुभा नव्हती. आपत्तीच्या वेळी एफसीसी तशी खास सूट देत असे. २०१७ मध्ये नियम शिथिल झाला आणि कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंगचे अनुदान न घेणाऱ्या केंद्रांना वर्षभरातल्या एकूण प्रसारणवेळेच्या एक टक्क्यापर्यंत वेळ अशा कामासाठी देता येऊ लागला. तेव्हा हा निर्णय स्वयंसेवकाने माइकसमोर बसून घ्यायचा नसतो. केंद्राच्या व्यवस्थापकांना लेखी विचारावे, आणि परवानगी मिळाली तर त्यासाठी वेगळी वेळ घ्यावी. माझ्या दृष्टीने कायद्याइतकीच दुसरीही गोष्ट महत्त्वाची आहे: श्रोत्याने केंद्रासाठी म्हणून फोन केला आणि त्याला मध्येच दुसऱ्या झोळीकडे वळवले, तर दोन्ही ठिकाणचा विश्वास जातो. पूरग्रस्तांचे काम मोठे आहे. म्हणूनच त्यासाठी स्वतंत्र तास मागावा, आणि मंडळाने जमा-खर्चाचा तपशील जाहीर करण्याची तयारी आधी ठेवावी.

उपाहारगृहाच्या बाबतीत आभार मानता येतात, जाहिरात करता येत नाही. ‘या तासाला अमुक उपाहारगृहाचे साहाय्य लाभले आहे, तेथे महाराष्ट्रीय पदार्थ मिळतात, पत्ता असा आहे’ इतके चालते. ‘ह्यूस्टनमधली सर्वांत झणझणीत मिसळ’, ‘फक्त इतक्या डॉलरला’, ‘आजच या’ यांतले काहीही चालत नाही. तुलना, किंमत आणि आमंत्रण या तीनही गोष्टी निषिद्ध आहेत. आपल्याला स्वतःला ती मिसळ कितीही आवडत असली, तरी त्या तासात ते बोलून दाखवू नये. मॅचिंगची अटही खरी असावी. मित्र कोणत्याही परिस्थितीत ५०० डॉलर देणारच असेल, तर ‘तुम्ही दिले नाहीत तर हे पैसे हातचे जातील’ असे श्रोत्यांना सांगणे खोटेपणाचे होईल. देणगीदारांमधून नाव काढून बक्षीस देण्याची कल्पनाही बरेच जण सुचवतात. पैसे भरूनच भाग घेता येत असेल तर ती सोडत, म्हणजे लॉटरी, ठरते, आणि सोडतीचे प्रसारण संघीय व राज्य कायद्यांच्या कचाट्यात सापडते. पैसे न भरताही भाग घेता येतो, हे केंद्राने नियमांत लिहिले असेल आणि आपण ते माइकवर सांगणार असाल, तरच तो विषय काढावा.

प्रश्न : मी दोन तास जीव तोडून बोललो आणि मोजकेच फोन आले. माझ्यानंतरच्या निवेदकाच्या तासात मात्र फोन सारखे वाजत होते. पुढच्या वेळी मी जाऊ की नको?
– एक वाचक, मॅडिसन, विस्कॉन्सिन

उत्तर : अवश्य जावे. मोहिमेच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवसांत देणग्यांचा ओघ मोठा असतो आणि मधले दिवस सुस्त जातात, हे प्रत्येक केंद्राला ठाऊक आहे. आता बरेच जण संकेतस्थळावरून देतात, तेव्हा स्टुडिओतला फोन न वाजणे म्हणजे कुणी दिले नाही असे होत नाही. आपल्या तासातल्या ऑनलाइन देणग्या किती, हे व्यवस्थापकांना विचारून पाहावे. सकाळी आपले बोलणे ऐकलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्याच्या कार्यक्रमात फोन करतो, हे तर नेहमीचेच आहे.

एक करता येईल. आपल्या तासाचे ध्वनिमुद्रण मागून ऐकावे आणि फोन क्रमांक किती वेळा सांगितला गेला ते पाहावे. जीव तोडून बोलणारा माणूस बहुधा तोच सांगायचा विसरतो. आणि जे मोजके फोन आले, त्या देणगीदारांना केंद्रामार्फत आपल्या हाताने लिहिलेले आभाराचे पत्र पाठवावे. कबूल केलेली प्रत्येक रक्कम प्रत्यक्ष जमा होतेच असे नसते. अशा पत्राने ती जमा होण्याची शक्यता वाढते, आणि पुढच्या मोहिमेत तोच श्रोता आपणहून फोन करतो.

प्रश्न : आमची संस्था ग्रामीण भागात सामुदायिक रेडिओ केंद्र चालवते. अमेरिकेतल्यासारखी देणगी मोहीम आम्हाला येथे घेता येईल का? गावातली पुष्कळ मुले परदेशात आहेत, ती पैसे पाठवायला तयार आहेत.
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : भारतात सामुदायिक रेडिओ बराच उशिरा आला. वायुलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. आणि २००६ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांच्या जोडीला स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडले. आपल्याच जिल्ह्यातले म्हसवडचे माणदेशी तरंग किंवा सांगली जिल्ह्यातल्या जालिहाळची येरळावाणी ही केंद्रे त्या धोरणामुळे शक्य झाली. १०० वॉट शक्तीच्या प्रक्षेपकाचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत पोहोचतो, म्हणजे आपला श्रोता हा बहुधा चालत येऊन पैसे देऊ शकणारा माणूस आहे. बर्कलीच्या केंद्राला जो श्रोता फोनवर शोधावा लागतो, तो आपल्याला आठवडी बाजारात भेटतो.

केंद्राचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार तासाला १२ मिनिटे जाहिराती देता येतात, पूर्वी ही मर्यादा ७ मिनिटे होती. सरकारी जाहिरातींचा दरही दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. प्रायोजित कार्यक्रम केंद्र आणि राज्य सरकारांचे, तसेच लोकहिताची माहिती देण्यासाठी इतर संस्थांनी प्रायोजित केलेलेच घेता येतात, हे विसरू नये. देणगीचे आवाहन प्रसारित करण्यापूर्वी माहिती व प्रसारण मंत्रालयाशी झालेला परवानगीचा करार पदाधिकाऱ्यांनी एकत्र बसून वाचावा, आवाहनाचा मसुदा लिहून मंत्रालयाला कळवावा आणि आलेले उत्तर फाइलला लावावे. तोपर्यंत कार्यक्रमाच्या निमित्ताने गावोगावी घेतलेल्या श्रोता मेळाव्यात वर्गणी गोळा करण्यास काहीच हरकत नाही. देणगी केंद्राला नव्हे, ते चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला मिळते. पावती तिच्याच नावाने फाडावी.

संस्थेला देणगीदारांना करसवलत मिळवून देणारी आयकर कायद्याची मान्यता (१९६१ च्या कायद्यातले कलम ८०जी) असेल, तर जुनी करप्रणाली निवडलेल्या देणगीदाराला सवलत मिळते. मात्र २,००० रुपयांवरील रोख देणगीला ती मिळत नाही. तेव्हा मोठी रक्कम धनादेशाने किंवा यूपीआयने घ्यावी.

परदेशातल्या मुलांच्या बाबतीत त्यांचा पासपोर्ट कोणता आहे, हे सर्वप्रथम विचारावे. जे अजून भारतीय नागरिक आहेत, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेच्या नेहमीच्या मार्गाने पाठवलेली रक्कम विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी देणगी, ठरत नाही. ज्यांनी तेथले नागरिकत्व घेतले आहे, त्यांची रक्कम मात्र, ते जन्माने आपल्या गावचे असले आणि ओसीआय (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांसाठीच्या) कार्डाचे धारक असले तरी, विदेशी अंशदान ठरते आणि विदेशी अंशदान नियमन कायद्याखालील नोंदणी वा पूर्वपरवानगी नसताना ती घेता येत नाही. अशी नोंदणी असली तरी ती रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या विहित खात्यातच प्रथम जमा व्हावी लागते. म्हणून परदेशातून येणाऱ्या प्रत्येक देणगीबरोबर पासपोर्टची प्रत आणि नागरिकत्वाविषयी लेखी निवेदन मागून घ्यावे, आणि ते हाती येईपर्यंत संस्थेचा खातेक्रमांक कुणालाही कळवू नये.